पेरियार जलाशयातील नौकाविहार : आनंद आणि शिस्त

केरळमधील थेक्कडी येथील पेरियार व्याघ्र प्रकल्प हे बोटीत बसून वन्यप्राणी पाहता येणाऱ्या देशातील मोजक्या जंगलांपैकी एक आहे. १९७८ मध्ये या अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा, तर १९८२ मध्ये त्याच्या गाभा क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

येथील तलाव नैसर्गिक नाही. १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण पूर्ण झाल्यावर सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली गेले. तेव्हा बुडालेल्या झाडांचे वठलेले बुंधे आजही पाण्याबाहेर उभे असून, पाणकावळे व तिरंदाज पक्षी त्यांवर विसावतात. धरणाचे पाणी बोगद्यातून तमिळनाडूकडे वळविले जाते. जलाशयाची पातळी खालावली की उघड्या पडलेल्या काठावर गवत उगवते. ते चरण्यासाठी हत्ती, गवे, सांबर आणि रानडुकरे येतात. उन्हाळ्यात जंगलातील पाणवठे आटू लागल्यावर हत्तींचे कळप काठावर अधिक दिसतात. वाघाचे दर्शन मात्र क्वचितच घडते.

जलाशयात वन विभाग व राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या बोटी चालतात. सकाळची पहिली आणि दुपारनंतरची शेवटची फेरी प्राणी पाहण्यासाठी अधिक अनुकूल मानली जाते. ज्यांना अधिक शांतता हवी, त्यांच्यासाठी बांबूच्या तराफ्यावरील सफर उपलब्ध आहे. त्यात काही अंतर पायी चालावे लागते आणि सोबत वन विभागाचे मार्गदर्शक व सशस्त्र रक्षक असतात.

या आनंदाला एका दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट याच जलाशयात उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरील प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला जमल्याने बोटीचा तोल गेला, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यानंतर प्रवाशांसाठी लाइफ जॅकेट सक्तीचे झाले.

या नियमांमागील कारण साधे आहे. बसलेल्या प्रवाशांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे विभागलेले असते. अनेक जण एकदम उभे राहिले की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, एका कडेला धावले की तो त्या बाजूला झुकतो. वरच्या मजल्यावर हा धोका अधिक वाढतो. म्हणूनच हत्ती दिसताच उठून उभे राहण्याचा मोह टाळणे, ही येथील सर्वांत महत्त्वाची शिस्त ठरते.

लाइफ जॅकेटचे पट्टे फेरी संपेपर्यंत बांधलेले ठेवावेत. लहान मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मिळाल्याची खात्री बोट सुटण्यापूर्वीच करावी. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक प्रवासी दिसल्यास धक्क्यावरच हरकत घ्यावी. गोंगाट टाळल्यास प्राणी काठावर अधिक वेळ थांबतात. जागेवर शांत बसणाऱ्या प्रवाशाला जंगल अधिक दिसते आणि त्याचा प्रवासही सुरक्षित होतो.