परकी शाई आणि करडा रंग

घरच्या फोटो प्रिंटरमध्ये निर्मात्याच्या शाईऐवजी दुसऱ्या कोणाची शाई भरणे ही आज मुख्यतः काटकसरीची बाब मानली जाते, आणि तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेली कार्ट्रिज रिफिलची दुकाने या समजुतीला बळ देतात. कार्यालयीन मजकूर छापणाऱ्या यंत्रांपुरती ती खरीही आहे. परंतु छायाचित्रांच्या बाबतीत या प्रथेचा उगम शोधू गेल्यास तो पैशापेक्षा दोन तक्रारींत सापडतो. कारखान्याच्या शाईने छापलेला रंग टिकत नाही, ही पहिली; आणि करडा रंग करडा उमटत नाही, ही दुसरी. यांपैकी दुसरी तक्रार अधिक चिवट ठरली आणि पुढील इतिहासाला वळण देण्याचे कामही मोठ्या प्रमाणात तिनेच केले.

शाई बदलता येते की नाही हे आधी यंत्राच्या रचनेवर ठरते. इंकजेट म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकण्याचे तंत्र, आणि थेंब फेकण्याच्या दोन रीती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाल्या. 1977 मध्ये कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंगचे टोक शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उसळली, असे त्या कंपनीच्या इतिहासात नोंदवले आहे. त्यातून उष्णतेने बुडबुडा निर्माण करून थेंब ढकलण्याची रीत पुढे आली. एप्सनने मात्र विजेचा दाब दिल्यावर आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा, म्हणजे पिझो घटकाचा, आधार घेतला. या रीतीत शाई तापवावी लागत नसल्याने तिच्या घटकांवरील बंधने सैल राहतात, आणि म्हणूनच पर्यायी शाईचे प्रयोग करणारे बहुतेक कलावंत व रसायनज्ञ पिझो यंत्रांभोवती गोळा झाले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली: शाई फवारणारे प्रिंटहेड अशा यंत्रात कायमचे बसवलेले असते, त्यामुळे अयोग्य शाई त्यात वाळून घट्ट झाली तर कार्ट्रिज फेकून सुटका होत नाही, यंत्रच निकामी होऊ शकते.

कलाकृतीच्या दर्जाचे इंकजेट मुद्रण सुरू झाले ते घरी नव्हे. अमेरिकेत तयार होणारे आयरिस हे यंत्र छापखान्यांत अंतिम छपाईपूर्वीचा नमुना काढण्यासाठी बनवलेले होते आणि त्याची शाई काही आठवडे टिकली तरी पुरे, अशीच त्याच्या निर्मात्यांची अपेक्षा होती. गायक व छायाचित्रसंग्राहक ग्रॅहम नॅश यांनी हे सुमारे 1,26,000 डॉलरचे यंत्र विकत घेतले आणि त्यांचे सहकारी मॅक होल्बर्ट यांनी जाड कलाकागद त्यातून जावा म्हणून त्याच्या प्रिंटहेडचा भाग चक्क करवतीने कापला. यंत्राची हमी अर्थातच तिथेच संपली. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे त्यांनी नॅश एडिशन्स ही मुद्रणशाळा उघडली, आणि तेथील मुद्रक जॅक डुगान यांनी याच सुमारास अशा प्रतींसाठी फ्रेंच क्रियापदावरून ‘जिक्ले’ हा शब्द घडवला. शब्द डौलदार असला तरी मूळ क्रियापदाचा अर्थ पिचकारीने उडवणे एवढाच आहे. नाव कितीही भारदस्त असले तरी आयरिसची मूळ शाई उजेडात लवकर फिकी पडे, आणि रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे अभ्यासक हेन्री विल्हेल्म यांच्या चाचण्यांनी ही उणीव उघड्यावर आणली. तेव्हापासून शाई कोणाची, हा प्रश्न कलेच्या बाजारात उघडपणे विचारला जाऊ लागला.

1994 च्या एप्सन स्टायलस कलर या 720 डीपीआयच्या यंत्राने हे तंत्र घरच्या टेबलावर आणले, आणि पुढे फिकट सायन व फिकट मॅजेंटा या दोन शायांची भर पडून त्वचेच्या हलक्या छटांतले ठिपके दिसेनासे झाले. या शाया रंजकांच्या होत्या. रंजक म्हणजे द्रवात पूर्ण विरघळणारा रंग. तो चमकदार असतो, पण त्याचे सुटे रेणू प्रकाशाला आणि हवेतील वायूंना सहज बळी पडतात. 2000 साली आलेल्या काही लोकप्रिय यंत्रांच्या प्रती ठरावीक चकचकीत कागदावर अल्पावधीत नारिंगी होऊ लागल्या, कारण कागदावरील सच्छिद्र लेपातून हवेतील ओझोन आत शिरून सायन रंजक आधी नष्ट करत होता आणि उरलेल्या मॅजेंटा व पिवळ्याचे मिश्रण नारिंगी दिसत होते. त्याच वर्षी स्टायलस फोटो 2000पी या यंत्रात रंगद्रव्याची, म्हणजे न विरघळता सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगणाऱ्या रंगाची, शाई आली. ती टिकाऊ होती, पण दिव्याखाली तटस्थ भासणारी तिची प्रत खिडकीशी नेली की हिरवट दिसे. प्रकाश बदलताच रंगांचा मेळ बिघडण्याच्या या दोषाला छायाचित्रकार ‘मेटॅमेरिझम’ म्हणू लागले. काटेकोर परिभाषेत मेटॅमेरिझम म्हणजे मेळ बसणे आणि दोष म्हणजे तो मोडणे, पण व्यवहारात हा भेद कोणी पाळला नाही.

कृष्णधवल छायाचित्रकारांचे दुखणे येथेच होते. रंगीत यंत्र करडी छटा काढते ती बहुतांशी सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून, आणि त्यात एका शाईचे प्रमाण किंचित चुकले तरी डोळ्याला ते तत्काळ कळते. तांबड्या साडीची छटा थोडी सरकली तर खपून जाते, करड्या आभाळातला गुलाबीपणा खपत नाही. व्हरमाँटमधील मुद्रक जॉन कोन यांनी यावर काढलेला तोडगा मुळावरच घाव घालणारा होता: रंगीत शाया काढूनच टाकायच्या आणि त्यांच्या जागी काळ्या रंगद्रव्याच्या चार वेगवेगळ्या तीव्रता भरायच्या. 2000 च्या सुमारास त्यांची ही पद्धत पिझोग्राफी या नावाने घरगुती यंत्रांसाठी विक्रीस आली, आणि पाठोपाठ रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या अल्पमोली सॉफ्टवेअरमुळे प्रत्येक शाई किती सोडायची हे यंत्राच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बाजूला सारून ठरवणे सामान्य छायाचित्रकारालाही शक्य झाले. एप्सनने 2002 च्या 2200 या यंत्रात एक फिकट काळी शाई आणि 2005 च्या आर2400 मध्ये काळ्याच्या तीन तीव्रता एकत्र दिल्या. हे थेट अनुकरण होते असे म्हणण्याचे कारण नाही, पण करड्या रंगासाठी एकाहून अधिक काळ्या शाया लागतात हे छोट्या मुद्रणशाळांनी आधी सिद्ध केले होते एवढे निश्चित.

रंगीत मुद्रणात मात्र केवळ बाटली बदलून भागत नाही. निर्मात्याच्या ड्रायव्हरमध्ये त्याच्याच शाईचे वर्तन गृहीत धरलेले असते. परकी सायन थोडी अधिक निळी किंवा पातळ असली तरी ड्रायव्हर जुन्याच हिशेबाने थेंब सोडत राहतो. हा हिशेब यंत्रातून सुटा करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय 1993 मध्ये झाली. त्या वर्षी अॅपलने कलरसिंक ही रंगव्यवस्थापनाची प्रणाली आणली, आणि अॅपल, अडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापून एक सामाईक मांडणी ठरवली. त्या मांडणीतील फाइल म्हणजे प्रोफाइल: अमुक शाया अमुक प्रमाणात सोडल्या असता कागदावर प्रत्यक्षात कोणता रंग दिसतो, आणि तो रंग हवा असल्यास किती शाई सोडावी, याची दुहेरी कोष्टके. मधली भाषा कोणत्याही यंत्राची नसून मानवी दृष्टीवर आधारलेली आहे. तिचा पाया प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने 1931 मध्ये घातला आणि 1976 मध्ये त्यावर लॅब ही मापनपद्धती उभारली.

प्रोफाइल यंत्राचे नसते. यंत्र, शाई, कागद आणि ड्रायव्हरची मांडणी या चौकडीचे असते, आणि यांतले काहीही बदलले की ते निरुपयोगी होते. परकी शाई भरून निर्मात्याचेच प्रोफाइल वापरणे ही म्हणूनच घरगुती मुद्रणातली सर्वांत सामान्य चूक आहे. नवे प्रोफाइल करण्यासाठी शेकडो रंगचौकटींचा तक्ता रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून छापतात, शाई स्थिरावण्यासाठी तो साधारण दिवसभर वाळवतात, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या परावर्तित प्रकाशाचा वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाने एकेक चौकट वाचतात. पुढे छापताना सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघांनीही रंग सुधारायला घेतले तर सुधारणा दोनदा होऊन चेहरे बिघडतात. म्हणून ड्रायव्हरला गप्प बसवावे लागते. एक मर्यादा मात्र कोणतेही प्रोफाइल ओलांडत नाही. त्याचा सारा हिशेब 5000 केल्व्हिनच्या आसपासचा, दिवसासारखा पांढरा प्रकाश धरून केलेला असतो. ज्या शाईचा रंग दिव्यागणिक बदलतो तिला तो एका दिव्यापुरताच सावरू शकतो, आणि प्रत बहुधा दिवाणखान्यातल्या पिवळट उजेडात टांगलेली असते.

निर्मात्यांनी कार्ट्रिजमध्ये चिप बसवून परकी शाई रोखू पाहिली, आणि वाद न्यायालयांत गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजबाबत निकाल दिला की एकदा विकलेल्या वस्तूवर पेटंटधारकाचा पेटंटहक्क उरत नाही. आशियात उत्तर न्यायालयाऐवजी बाजाराने दिले. इंडोनेशियात दुकानदार यंत्राबाहेर मोठ्या बाटल्या लटकवून नळीने शाई पुरवत होते, आणि एप्सनने 2010 मध्ये तीच कल्पना स्वीकारून टाकीचे यंत्र त्याच देशात प्रथम विक्रीस आणले. भारतातही अशी यंत्रे लवकरच रुळली, आणि महाराष्ट्रातील लहान फोटो स्टुडिओंत पासपोर्ट आकाराची छायाचित्रे त्यांवर छापली जाऊ लागली. टाकीत कोणतीही बाटली ओतता येते, चिप आड येत नाही. मात्र स्वस्त बाटलीतल्या शाईचे मिश्रण दर खेपेला सारखेच असेल याची हमी नसते आणि बदल झाल्याची सूचना बाटलीवर छापलेली नसते, त्यामुळे दक्ष मुद्रक नवी बाटली फोडली की रंगतक्त्याआधी करड्या छटांची एक पट्टी छापून ती खिडकीशी नेऊन पाहतो.