प्राणी-संस्कृती

अनुवंशाने नव्हे, तर सोबत्यांकडून शिकून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्राण्यांची वर्तनरीत. जपानच्या कोशिमा बेटावर 1953 मध्ये इमो या लहानग्या माकडिणीने रताळी पाण्यात धुतली; ही सवय हळूहळू कळपात पसरली आणि तिच्या पश्चातही टिकली. या सवयीला संस्कृती न म्हणणे हा माणसाचा कद्रूपणाच. मात्र मानवी संस्कृती साचत, सुधारत जाते. उदाहरणार्थ, सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावाजवळच्या लेण्यांचे खोदकाम इ.स.पू. दुसऱ्या शतकात सुरू झाले. पाचव्या शतकातील कारागिरांनी त्याच कड्यात त्याहून भव्य विहार कोरले. सतराव्या लेण्यात महाकपी जातक, म्हणजे वानररूपातील बोधिसत्त्वाची कथा, रंगवलेली आहे. अशी कथा रचून शतकांनंतरच्या परक्यालाही कळेल अशी मागे ठेवणे इतर प्राण्यांत आढळत नाही.