‘नांगरणे’ आणि इंग्रजी जोडक्रियापदे : एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील नीरा नदीकाठचे गाव. अशा परिसरातील विद्यार्थ्यास इंग्रजी ‘प्लाऊ’ म्हणजे नांगरणे, हे सहज उमगते. ‘प्लाऊ थ्रू’ किंवा ‘प्लाऊ बॅक’ यांपाशी मात्र तो अडखळतो. दोन्ही भाषांतील या क्रियापदाच्या इतिहासात त्याचे कारण शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतील वाटचाल

जुन्या इंग्रजीत नांगरास ‘सुल्ह’ व नांगरण्यास ‘एरियन’ हे शब्द होते. ‘प्लाऊ’ मागाहून रुळला. ‘एरियन’चा अवशेष १६११ च्या बायबल-भाषांतरात आढळतो. पुढे ‘प्लाऊ’ला दिशादर्शक अव्यये जोडली गेली. ‘प्लाऊ अप’ म्हणजे पडीक वा गवताळ रान मोडून लागवडीस आणणे. १९३९ च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने अशा कामासाठी एकरी दोन पौंड अनुदान जाहीर केले होते. ‘प्लाऊ थ्रू’ म्हणजे कंटाळवाणे काम नेटाने तडीस नेणे, तर ‘प्लाऊ बॅक’ म्हणजे नफा पुन्हा धंद्यात घालणे.

मराठीतील परंपरा

‘नांगर’ हा संस्कृत ‘लाङ्गल’पासून आलेला शब्द. मराठी येथे अव्यय जोडत नाही. ती दुसऱ्या क्रियापदाची जोड घेते : नांगरून काढणे, नांगरून टाकणे. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ या वाक्प्रचारामागे सर्वस्वी उद्ध्वस्त करण्याची प्रथा आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुण्यावर असा नांगर फिरवला व पुढे जिजाबाईंनी तेथे सोन्याचा नांगर धरविला, अशी परंपरा सांगते. नांगर एकच, परंतु तो कोणाचा व कशाचा, यावर अर्थ ठरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, पुढे ट्रॅक्टर आला. अवजार बदलले, क्रियापद टिकले.

समारोप

इंग्रजी अव्यय दिशा दाखवते. मराठी जोडक्रियापद कृतीची परिणती सांगते. म्हणून ‘बॅक’चे ‘मागे’ असे शब्दशः भाषांतर फसते. त्याऐवजी ताग वा धैंचा फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडण्याची रीत विद्यार्थ्यास आठवून द्यावी. रानातले पीक रानालाच परत, हे त्याने पाहिलेले असते. ‘प्लाऊ बॅक’ त्यास तेथेच उलगडेल. शेतजमिनीवर कारखाने उभे राहत असलेल्या शिरवळसारख्या गावी मात्र हा अनुभव पुढील पिढीस मिळेलच असे नाही. म्हणून शेतीतील क्रियापदे व वाक्प्रचार यांचे संकलन महाविद्यालयांच्या मराठी व इंग्रजी विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे अगत्याचे आहे.