दहापैकी किती?

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं लडलो हे जुन्या किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेलं बाजाराचं गाव. १९८४ साली तिथल्या काही शाळकरी मुलांना शाळा सुटल्यावर एक नवंच काम मिळालं. न्यूजफील्ड नावाच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत जायचं, झेडएक्स स्पेक्ट्रम या स्वस्त घरगुती संगणकावर कॅसेटमधून गेम चढवायचा, तो मनसोक्त खेळायचा आणि कसा वाटला ते सांगायचं. ही मतं 'क्रॅश' मासिकात छापून येत. एका गेमवर साधारण तिघांच्या टिप्पण्या असत आणि खाली टक्केवारीचा तक्ता: ग्राफिक्सला इतके टक्के, खेळायच्या मजेला इतके, चटक लावण्याच्या गुणाला इतके, मोजलेल्या पैशांच्या मोबदल्याला इतके.

रॉजर कीन, ऑलिव्हर फ्रे आणि फ्रँको फ्रे या संस्थापकांनी मासिकाआधी टपालाने गेम विकण्याचा धंदा केला होता, त्यामुळे गिऱ्हाईक कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खाऊच्या पैशांतून कॅसेट घेणाऱ्या मुलाला तिच्याबद्दल त्याच्याच वयाच्या कुणीतरी सांगावं, हा त्यांचा विचार साधा आणि बरोबर होता. या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मतभेद. एकाला गेम आवडला आणि दुसऱ्याला कंटाळा आला, तर दोन्ही मतं शेजारी-शेजारी छापली जात. वाचक आपली आवड कोणाशी जुळते ते पाहून ठरवत असे. पुढच्या चाळीस वर्षांत व्हिडिओ गेमच्या परीक्षणाने पुष्कळ कमावलं, पण हा शेजार मात्र गमावला.

परीक्षणाची सुरुवात लडलोच्या आधीची, अमेरिकेतली. १९७९ मध्ये 'व्हिडिओ' मासिकात बिल कुंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी 'आर्केड अ‍ॅली' हे सदर सुरू केलं. कुंकेल कॉमिक्सच्या जगातून आलेले, कॅट्झ विज्ञानकथांच्या चाहतामंडळांतून. चित्रपटाच्या समीक्षकाच्या पाठीशी नाटकाची आणि साहित्याची परंपरा होती. यांच्यापुढे होते टीव्हीच्या पडद्यावरचे चौकोनी ठिपके. त्यांचं वर्णन कोणत्या शब्दांत करायचं, गेम चांगला म्हणजे नेमका कसा, हे त्यांना लिहिता लिहिताच ठरवावं लागलं. १९८१ मध्ये जॉइस वॉर्ली यांच्यासह त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे स्वतंत्र मासिक काढलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघालं आणि अमेरिकेतच रसेल साइप यांचं 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' सुरू झालं.

या शेवटच्या मासिकाचा बाणा वेगळा होता. तिथे १९९४ पर्यंत परीक्षणाखाली तारे किंवा गुण नसत. जे असेल ते मजकुरात. आणि तिथे गेमच्या प्रकाराप्रमाणे जाणकार बसवलेले होते. युद्धखेळांवर लिहिणारा इतिहासातल्या लढाया कोळून प्यायलेला असे. अ‍ॅडव्हेंचर आणि रोल-प्लेइंग गेमवर 'स्कॉर्पिया' या टोपणनावाची लेखिका लिही. तिला कोडी नुसती सुटून चालत नसत, ती तर्काने सुटायला हवीत असा तिचा आग्रह होता. तिच्या लेखणीची धार कंपन्यांनाही जाणवत असे. 'माइट अँड मॅजिक'च्या दुसऱ्या भागावर तिने कडक लिहिल्यावर तिसऱ्या भागात 'स्कॉर्पिया' नावाचा एक राक्षसच अवतरला. परीक्षकाला असा मान क्वचितच मिळतो! तिला तो मिळाला, कारण ती पूर्ण गेम खेळून, प्रकाराची जाण ठेवून लिहिते हे बनवणाऱ्यांना माहीत होतं.

जपानमध्ये मात्र आकड्याला पहिल्यापासून सिंहासन मिळालं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'फामित्सू' या नियतकालिकात लवकरच 'क्रॉस रिव्ह्यू' येऊ लागला: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. मजकूर अगदी थोडका. चाळीसपैकी चाळीस मिळायला बारा वर्षं लागली. १९९८ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम' या साहसगेमने ते मिळवले. पुढे १९९९ मध्ये 'सोलकॅलिबर' हा शस्त्रांच्या मारामारीचा गेम, २००० मध्ये 'व्हेग्रंट स्टोरी' हा रोल-प्लेइंग गेम आणि २००५ मध्ये 'निनटेंडॉग्ज' हेही त्या पंक्तीत बसले. 'निनटेंडॉग्ज'मध्ये कुत्र्याचं पिल्लू पाळायचं, त्याला अंघोळ घालायची, फिरवायचं आणि हाक मारून शिकवायचं. तलवारबाजीच्या गेममध्ये बटण दाबल्यापासून वार बसेपर्यंतचा सूक्ष्म क्षण महत्त्वाचा असतो. पिल्लाच्या गेममध्ये जिंकणं-हरणं हा मुद्दाच नाही, रोज थोडा वेळ परत यावंसं वाटतं का एवढंच पाहायचं असतं. दोघांनाही चाळीस. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य असतील, पण बेरीज एक आली म्हणून मोजलेली गोष्ट एक ठरत नाही.

ही गल्लत किती दूर जाते याचं प्रसिद्ध उदाहरण 'डूम'. १९९३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या या शूटरने, म्हणजे गोळीबाराच्या गेमने, पुढच्या कित्येक वर्षांची दिशा ठरवली. ब्रिटनच्या 'एज' मासिकाने त्याला १९९४ मध्ये दहापैकी सात गुण दिले आणि समोर येणाऱ्या राक्षसांशी बोलता आलं असतं तर, अशी इच्छाही व्यक्त केली. शूटरचे चाहते त्या वाक्याला आजही हसतात. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे: वेगाने धावत, गोळ्या चुकवत, क्षणार्धात निर्णय घ्यायच्या गेममध्ये संवाद शोधणं म्हणजे दुसऱ्याच प्रकाराची अपेक्षा लादणं. पण त्या परीक्षकालाही न्याय द्यायला हवा. पुढच्या काळात शूटरमध्ये गोष्ट, पात्रं आणि बोलणं खरोखरच आलं आणि त्यातून काही उत्कृष्ट गेम निपजले. इच्छा चुकीची नव्हती. ती मागायची जागा चुकली.

दहापैकी सात हा आकडा चाहत्यांना इतका झोंबण्याचं आणखी एक कारण होतं. गेमच्या मासिकांत सात म्हणजे 'बरा' असा अर्थ उरलाच नव्हता. जाहिराती गेम कंपन्यांच्या, नमुना-प्रती त्यांच्याच, आधीच्या बातम्या आणि चित्रंही त्यांच्याकडूनच. अशा धंद्यात गुण हळूहळू वर सरकत गेले. ब्रिटनमधलंच 'अमिगा पॉवर' हे मासिक या प्रवाहाच्या विरुद्ध हट्टाने उभं राहिलं. १९९१ ते १९९६ या आयुष्यात त्याने पन्नास टक्के म्हणजे खरोखर सरासरी असंच धरलं आणि टुकार गेमना एक अंकी टक्केही दिले. काही कंपन्यांशी त्याचं जमलं नाही, हे ओघानेच आलं.

२००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ सुरू झालं आणि आकड्याचं बळ शतपट वाढलं. जगभरातल्या परीक्षकांचे गुण शंभराच्या मापावर आणायचे, त्यांना वजन द्यायचं आणि एक सरासरी काढायची. कोणाला किती वजन, हे गुपित ठेवलं गेलं. चित्रपटाला ६१ गुण पडले की हिरवा रंग मिळतो. गेमला मात्र त्यासाठी ७५ लागतात. गेमचे परीक्षक गुण चढे देतात, हे या रंगांनीच मान्य केलं. जपानी मारामारी, फुटबॉल, कोडी, भयकथा असे सगळे गेम एका उतरंडीत बसले, आणि दुकानदार, प्रकाशक, गुंतवणूकदार यांनी मजकूर उघडायचं कारण उरलं नाही.

त्याची किंमत मोजली ती ऑब्सिडियन या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओने. त्यांचा 'फॉलआउट: न्यू व्हेगस' २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असा प्रकाशकाशी करार होता. मिळाले ८४. ऑब्सिडियनचे ख्रिस अ‍ॅव्हलोन यांनी २०१२ मध्ये हे उघड केलं. परीक्षकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. सुरुवातीला गेममध्ये तांत्रिक दोष भरपूर होते आणि तो मधेच अडकत असे. पण रोल-प्लेइंग प्रकारात ज्याला सर्वाधिक किंमत असते ते, म्हणजे आपल्या निर्णयाचे दूरवर उमटणारे पडसाद, परस्परविरोधी गट, संवादाचा दर्जा, यांत तो गेम अव्वल होता आणि आजही त्या प्रकारच्या सर्वोत्तम गेममध्ये त्याचं नाव घेतलं जातं. दोष पुढे दुरुस्त झाले, ८४ चे ८५ झाले नाहीत. परीक्षकांपैकी कुणालाही कुणाचा बोनस बुडवायचा नव्हता, हे तर जास्तच क्लेशदायक आहे.

दबाव उलट्या दिशेनेही आला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये 'गेमस्पॉट'च्या जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन' या शूटरला दहापैकी सहा दिले. त्याच वेळी त्या गेमच्या जाहिरातींनी संकेतस्थळ रंगलेलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांना नोकरीवरून काढलं गेलं. जाहिरातदार नाराज झाले की वरिष्ठ घाबरत, असं त्यांनी २०१२ मध्ये बोलायची मोकळीक मिळाल्यावर सांगितलं. त्यांच्या पाठोपाठ काही सहकारी बाहेर पडले आणि २००८ मध्ये 'जायंट बॉम्ब' हे नवं संकेतस्थळ उभं राहिलं. तिथे लोक निकालापेक्षा माणसाचं मत ऐकायला येऊ लागले. कोणाला कोणता प्रकार आवडतो, कोण कशाने वैतागतो हे श्रोत्यांना पाठ झालं. लडलोची जुनी पद्धत नव्या रूपात तिथे परतली, असं म्हणायला हरकत नाही.

काही गेमबाबत सरासरी काढणंच निरर्थक ठरतं. २००३ चा 'बिग रिग्ज' हा ट्रक शर्यतीचा गेम याला अपवाद: भिंतीतून आरपार जाणारे ट्रक, हलतही नसलेला प्रतिस्पर्धी, मेटाक्रिटिकवर शंभरापैकी ८. तिथे एकमत योग्यच होतं. पण २०१० चा 'डेडली प्रिमोनिशन' घ्या. हिदेताका सुएहिरो यांच्या या भयकथेत एक एफबीआय अधिकारी छोट्या गावात खुनाचा तपास करतो आणि अदृश्य सोबत्याशी बोलत राहतो. 'आयजीएन' या संकेतस्थळाने दहापैकी दोन दिले, 'डिस्ट्रक्टॉइड'ने दहापैकी दहा. गाडी चालवणं कंटाळवाणं, गोळीबार बोजड, चित्रं जुनाट हे दोघांनाही दिसत होतं. एकाने त्याला बंदुकीचा गेम म्हणून जोखलं, दुसऱ्याने विचित्र, हळव्या माणसांची गोष्ट म्हणून. दोन आणि दहाची सरासरी सहा निघते. तो सहाचा गेम कुणीच खेळलेला नाही.

आणि २०२० चा 'सायबरपंक २०७७' तर दोन गेमच ठरला. परीक्षकांना आधी फक्त संगणकावरची आवृत्ती मिळाली, तिला नव्वदीच्या आसपास गुण पडले. प्लेस्टेशन ४ वर घेणाऱ्यांच्या हाती जे आलं ते इतकं मोडकं होतं की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढला. या घटनेनंतर कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलं हे विचारायची सवय वाचकांना लागली, हे चांगलंच झालं.

काहींनी आकडा टाकून पाहिला. 'युरोगेमर' या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण बंद करून फक्त 'आवर्जून घ्या', 'टाळा' अशा शिफारशी ठेवल्या. २०२३ मध्ये मात्र ते पाच ताऱ्यांवर परतले. वाचकाला घाई असते आणि शोधयंत्रांना आकडा आवडतो. या दोन ताकदींपुढे तत्त्वाने टिकणं अवघड आहे.

महाराष्ट्रात या साऱ्या उलाढालीची झळ बराच काळ पोचलीच नाही. नव्वदच्या दशकात घराघरांतल्या टीव्हीला जोडलेल्या 'समुराई' किंवा 'लिटल मास्टर'मध्ये मित्राकडून आणलेली कॅसेट घालायची, मग ती 'कॉन्ट्रा' असो की 'मारिओ'. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या स्वस्त नकली सीडी आल्या. निवड दुकानदाराच्या किंवा चुलतभावाच्या शब्दावर व्हायची. परीक्षणाची गरज तेव्हा भासते जेव्हा गेमला पूर्ण पैसे मोजावे लागतात.

२०२० मध्ये चित्र उलटलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' ऑगस्टमध्ये निनटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी या छोट्या संघाने काम सोडलं नाही. भावाला शोधणारी डोंबारीण मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, पहाडी लघुचित्रांचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. जगभरच्या परीक्षकांनी या दृश्यरूपाला मनापासून दाद दिली आणि लढाई बोजड आहे, गेम लवकर आटोपतो अशी तक्रार केली. सरासरी सत्तरच्या आसपास, म्हणजे मेटाक्रिटिकवर हिरव्याच्या खालचा पिवळा रंग.

लढाईबद्दलची तक्रार रास्त आहे. शत्रूंच्या घोळक्यात राजीचे वार कधी कधी उशिरा लागतात. मात्र पुष्कळ परीक्षणांनी मापं घेतली ती 'गॉड ऑफ वॉर' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या गेमची. खांबावर चढून गिरकी घेणारी मुलगी पाहून मल्लखांब आठवणाऱ्या परीक्षकाने त्या हालचालीत वेगळं काही शोधलं असतं आणि कदाचित तो वेगळ्या ठिकाणी निराशही झाला असता. तसं परीक्षण मराठीत सविस्तर लिहिलं जायला हवं होतं.

त्या वर्षअखेरीला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी 'राजी'ला नामांकन मिळालं. बक्षीस 'फास्मोफोबिया'ला गेलं: मित्रांनी मिळून अंधाऱ्या घरात भूत हुडकायचं, हातात फक्त टॉर्च आणि मोजमापाची यंत्रं. पुराणातली लढाई आणि भुतांचा शोध एकाच रकान्यात, एकाच बक्षिसासाठी उभे होते.