आया सोफियाचे हिरवे खांब



इस्तंबूलची आया सोफिया आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. सम्राट जस्टिनियन याने इ. स. ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत ती बांधून घेतली. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंस चार-चार असे आठ प्रचंड हिरवे खांब आहेत. पांढऱ्या फरशीतही याच दगडाचे चार पट्टे आहेत. जुने लोक त्यांना नद्या म्हणत.

हे खांब इफिसस येथील आर्टेमिस देवीच्या देवळातून आणले, अशी दंतकथा शेकडो वर्षे चालत आली. ती खरी नाही. जस्टिनियनच्याच दरबारातील पॉल सायलेन्शियरी या कवीने या वास्तूवर काव्य रचले, त्यात हा दगड थेसली प्रांतातील असल्याचे म्हटले आहे. ग्रीसमधील लारिसा शहराजवळ त्याच्या जुन्या खाणी आहेत. गडद हिरव्या रंगात पांढरे व काळपट तुकडे, ही त्याची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्येही तिथले खांब उभे राहिले.

लोक याला संगमरवर म्हणतात, पण हा खरा संगमरवर नव्हे. संगमरवर चुनखडीपासून बनतो. हा मुख्यत्वे सर्पेंटाईन आहे. सापाच्या कातडीसारखा दिसतो म्हणून हे नाव. उदयपूरच्या दक्षिणेकडील केसरियाजीचा हिरवा दगडही याच जातीचा.

हा फरक केवळ नावाचा नाही. सर्पेंटाईनच्या पातळ लाद्या ओल्या सिमेंटवर बसविल्या, तर पाण्याने त्या वाकतात व कडा वर येतात. म्हणून जाणते कारागीर त्या इपॉक्सीने चिकटवितात. उन्हापावसात त्याची झिलई उतरते, त्यामुळे तो घराच्या आतच शोभतो. लिंबू किंवा व्हिनेगर सांडले, तर त्यातील पांढऱ्या शिरा निस्तेज होतात.

मी परिचारिका होते, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य समजते. पांढरे ॲस्बेस्टॉस हे सर्पेंटाईनच्याच कुळातले, आणि काही हिरव्या दगडांत त्याच्या शिरा असतात. झिलई केलेल्या खांबाला हात लावून कोणाला काही होत नाही. पण दगड कोरडा कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांत बसते, आणि तिचे आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. तेव्हा घरी असा दगड बसवून घ्याल, तर तो पाणी मारूनच कापायला सांगा. कापणाऱ्याच्या तोंडावर नुसते फडके नको, धुळीचा योग्य मास्क हवा.

ते आठ खांब ज्यांनी घडविले, त्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत. आज जे आपल्या ओट्याचा दगड कापतात, त्यांच्या प्रकृतीची काळजी मात्र आपल्याला घेता येईल.