पडद्यावरचा डोंगर आणि आपला माळ

संगीत नाटकांच्या काळात कंपन्यांचे पडदे ठरलेले असत. एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा. नाटक कोणतेही असो, वनातला प्रवेश आला की तोच जंगलाचा पडदा खाली येई आणि प्रेक्षकही तो गोड मानून घेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्यापूर्वी असे पडदे रंगवीत. पुढे १९२३ साली त्यांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला. म्हणजे नसलेला डोंगर उभा करून दाखवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. आता ते काम संगणक करतो.

आज हा विषय काढायचे कारण असे, की नात्यातल्या एका मुलाला किल्लारी भागातले भूकंपापूर्वीचे एक गाव संगणकावर उभे करायचे आहे. त्यासाठी कोणता प्रोग्राम घ्यावा, यावर घरातल्या तरुणांची दोन मते पडली. मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. म्हटले, आधी या प्रोग्रामांचा इतिहास पाहू, मग ठरवू.

मूळ कल्पना गणिताची. बेनुआ मँडेलब्रॉट यांनी दाखवून दिले, की डोंगराचा लहानसा तुकडा पाहिला तरी त्यात मोठ्या डोंगराचाच खडबडीतपणा दिसतो. हे सूत्र धरून बोइंग कंपनीत काम करणाऱ्या लोरेन कार्पेंटर यांनी १९८० साली संगणकाने काढलेल्या डोंगरांवरून उडत जाणारी दोन मिनिटांची फिल्म केली. ती पाहून त्यांना सिनेमावाल्यांनी बोलावून घेतले. केन पर्लिन यांनी निसर्गातला अनियमितपणा गणिताने आणण्याची एक रीत शोधली. तिला १९९७ साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मग घरच्या संगणकावर चालणारे प्रोग्राम आले. १९९४ साली 'ब्राइस' आला. अमेरिकेतल्या ब्राइस कॅनियन या दरीवरून त्याचे नाव पडले. त्यापाठोपाठ इंग्लंडचा 'टेराजेन' आणि फ्रान्सचा 'व्ह्यू' आले. टेराजेनची ख्याती आभाळ आणि उजेड यांसाठी, तर व्ह्यूची झाडाझुडपांसाठी. त्या काळी ज्याचे त्याचे भक्त होते आणि आपलाच प्रोग्राम श्रेष्ठ म्हणून भांडत होते. पुढे काय झाले ते बघा. ब्राइस २००० साली एका कंपनीने घेतला, २००४ साली दुसरीने. २०१० नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. व्ह्यू तर हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत वापरला गेला होता, पण २०२४ साली त्याच्या कंपनीने पुढचे काम थांबवून तो फुकट देऊन टाकला. टेराजेन मात्र टिकून राहिला. 'ब्लेंडर'ची गोष्ट वेगळी. त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी २००२ साली सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमवून तो सर्वांसाठी खुला करून घेतला. आपल्याकडे वर्गणीतून देऊळ बांधतात, तसाच हा प्रकार!

यातून पहिला धडा असा, की प्रोग्रामच्या भरवशावर राहू नये. या सर्वांत एक गोष्ट सामाईक आहे, ती म्हणजे उंचीचा नकाशा. साधे करड्या रंगाचे चित्र. उंच जागा पांढरी, सखल जागा काळी. हे चित्र बहुतेक सगळे प्रोग्राम वाचतात. एक मालक गेला तर दुसऱ्याकडे नेता येते. मात्र ते साध्या प्रतीचे असेल तर त्यात २५६च छटा मावतात. समुद्रापासून एव्हरेस्टपर्यंतची उंची त्यात बसवली, तर एकेक छटा सुमारे ३५ मीटरची होते. लातूरकडच्या माळाचे चढउतार त्यात पार बुडून जातील. म्हणून ६५,५३६ छटांचे चित्र घ्यावे आणि आपल्या भागापुरतीच उंची त्यात बसवावी.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. हे प्रोग्राम मोकळे सोडले की टोकदार, बर्फाळ शिखरे काढतात. तोच जंगलाचा पडदा! आपले बालाघाटचे डोंगर लाव्हाच्या थरांचे, माथ्यावर सपाट आणि कडेला पायऱ्यापायऱ्यांचे. 'वर्ल्ड मशीन'सारख्या प्रोग्रामात अशा पायऱ्या पाडण्याची सोय आहे. पण काल्पनिक डोंगरापेक्षा मोजलेला बरा. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासहून देशाची मोजणी सुरू केली आणि ती करता करताच १८२३ साली आपल्या हिंगणघाटला देह ठेवला. आज ते काम अवकाशातून होते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली. आपल्या इस्रोच्या 'भुवन'वरही उंचीचे आकडे मिळतात.

आता खरी अडचण ऐका. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. यानाने मोजले सहा वर्षांनंतर. माळ आणि तेरणेचे पात्र त्यात सापडेल, गाव सापडणार नाही. भूकंपाआधी मोजले असते तरी ३० मीटरला एक आकडा, त्यात कित्येक घरे मावतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. त्यांनीच हजारो माणसांचा जीव घेतला. आणि त्याच माळवदावर उन्हाळ्यात लोक झोपत, डाळी वाळत. बावन्न गावे नव्या जागी वसवली, तिथले रस्ते सरळ आखलेले. जुन्या वळणांची खूण तिथे नाही.

गावनकाशात शेतांचे सर्व्हे नंबर असतात, गावठाण म्हणजे नुसता एक ठिपका. कोणाच्या दारात लिंब होता, आड कुठे होता, वेशीपासून मारुतीपर्यंत वाट कशी वळत होती, हे माणसांनाच ठाऊक. त्या वेळी तिशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत.

म्हणून माझे मत असे. जमिनीसाठी मोजलेले आकडे घ्यावेत, घरांसाठी ब्लेंडर घ्यावा, कारण तो फुकट आहे आणि एका मालकाचा नाही. पण संगणक उघडण्याआधी वही घेऊन त्या गावच्या म्हाताऱ्यांकडे जावे. त्यांना कागदावर वाटा काढायला सांगाव्यात. दोघांचे नकाशे जुळले नाहीत तर दोन्ही जपावेत, तारीख घालून. प्रोग्राम पुढच्या वर्षीही मिळेल.