कमलाताई होस्पेट (१८९६-१९८१)

नागपूरच्या मातृसेवा संघाच्या संस्थापिका. जन्म २३ मे १८९६, शिरपूर (खानदेश). माहेरचे नाव यमुना मोहनी. वयाच्या पंधराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळी बालविधवेच्या वाट्याला घराचा कोपराच येत असे. नागपुरात आलेल्या कमलाताईंनी मात्र डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. घरच्या अंधाऱ्या खोलीतील बाळंतपणे तेव्हा माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतत. म्हणून १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने त्यांनी चार खाटांचे सूतिकागृह सुरू केले. पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या. पद्मश्री (१९६१) आणि जमनालाल बजाज पुरस्कार (१९८०) त्यांना लाभले. १५ नोव्हेंबर १९८१ रोजी त्या निवर्तल्या. परगावाहून आलेली ही बालविधवा नागपूरकर मातांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार ठरली.